आठवी खुर्ची

दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाशी नेली, कलिंगड पारखावं तशी बोटाने दोनदा ठोकली आणि मान हलवली.

"हिला मारलं कुणी?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं. वडील भिंतीवरचं कॅलेंडर फार मन लावून वाचत होते. ते गेल्या वर्षीचं होतं.

"हे रोज संध्याकाळी प्लग उपटतात," ती म्हणाली.

"कॉम्प्युटर बंद केल्यावर ना?"

"चालू असतानाच."

"का हो काका?"

"गुणगुणतो तो," वडील म्हणाले. "गुणगुणायला माझी ना नाही. पण माणसाने असो की डब्याने, सुरात गुणगुणावं. हा केसभर उतरलेला आहे. दिवसभर सोसतो मी. दिवे लागले की नाही सोसवत."

दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. चहा सांडून मेलेले कॉम्प्युटर त्याने पाहिले होते, उंदराने कुरतडलेले पाहिले होते, नवऱ्याच्या रागापायी बायकोने जिन्यावरून ढकललेला एक पाहिला होता. तिखट कानापायी गेलेला हा पहिलाच.

"करत काय होता तुम्ही?"

"व्हायोलिन वाजवायचे," मुलगीच म्हणाली. "रेकॉर्डिंगच्या वाद्यवृंदात. सव्वीस वर्षं." आणि हे वाक्य तिच्या तोंडून कधी एकटं बाहेर पडत नसे, म्हणून पुढचंही आलंच: "ते होडीचं गाणं आहे ना, त्यातही हेच आहेत."

"होडीचं गाणं? काय सांगता!" दुरुस्तीवाल्याने तिथल्या तिथे शीळ घालून त्या गाण्याची सुरुवात वाजवली. ती सुरुवात व्हायोलिनचीच होती आणि ती माहीत नसलेला माणूस त्या शहरात शोधून सापडला नसता. "काका, आता ही डिस्क मला जगवावीच लागेल."

वडिलांचं कॅलेंडर अजून वाचून व्हायचं होतं.

त्या डिस्कवर अकराशे गाणी होती. सगळी वडिलांनी स्वतः गोळा केलेली: जुन्या कॅसेटींवरून, तबकड्यांवरून, कुणाकुणाच्या माळ्यावरून. निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात, भांडणं उकरून काढतात. त्यांनी हे केलं. त्यातल्या तीनशे बारा गाण्यांत ते स्वतः बसलेले होते, मागच्या ओळीत, आठव्या खुर्चीवर. प्रत्येक गाण्यासमोर वर्ष लिहिलेलं होतं आणि काही गाण्यांसमोर एक पिवळी चांदणी. चांदणी म्हणजे आवडतं गाणं, असं मुलगी धरून चालली होती. विचारायची कधी वेळ आली नव्हती.

वेळ आता आली होती, ती वादक संघटनेच्या पत्रामुळे. संघटना आपल्या सभागृहात संगमरवराची पाटी बसवणार होती आणि तिच्यावर जुन्या वादकांची नावं कोरणार होती. शंभर किंवा त्याहून जास्त खुर्च्या भरलेल्यांची. एका गाण्यात एका खुर्चीवर बसलात की एक खुर्ची. स्टुडिओच्या हजेरीवह्या कधीच्या रद्दीत गेल्या होत्या, तेव्हा ज्याने त्याने आपली यादी पाठवायची: गाणं, खुर्चीचा क्रमांक, बसणाऱ्याचं नाव. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

पत्र आलं त्या सोमवारीच दुपारी वडील यादी करायला बसले. संध्याकाळी कॉम्प्युटर कसलीतरी जुळवाजुळव करत असताना त्यांनी प्लग उपटला.

बुधवारी दुरुस्तीवाल्याने दुकानात बोलावून तिच्या तळहातावर अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह ठेवला.

"नऊशे चार निघाली. नावगाव काही विचारू नका. पूर ओसरल्यावर माणसं छपरावर सापडतात ना, तसं झालंय. जीव आहे, पण कोण कुणाचं ते घरच्यांनी ओळखायचं. काही अर्धी तुटलीत."

"आणि चांदण्या?" वडिलांनी विचारलं.

"चांदण्या?"

"गाण्यांसमोरच्या."

"त्या गेल्या काका. त्या गाण्यात नसतात, गाण्याच्या बाहेर लिहिलेल्या असतात."

वडिलांनी खिशातला रुमाल काढला, काहीही न पुसता घडी करून परत ठेवला.

मुलगी एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या करी. कधीही न पाहिलेल्या तोंडांत बरोबर बसतील असे दात करण्याचं काम असल्यामुळे चिकाटी तिच्या अंगात मुरलेली होती. तिने दोन दिवसांची रजा टाकली, जेवणाच्या टेबलावर उसना लॅपटॉप मांडला, आणि गुरुवारी सकाळी बापलेक कामाला बसले.

पहिल्या तासातच वाटणी ठरून गेली. ती शब्द ऐके आणि गाण्याचं नाव लिही. वडिलांना शब्द येतच नव्हते.

"सव्वीस वर्षं वाजवलं आणि एकाही गाण्याचे शब्द माहीत नाहीत?"

"शब्द कुठून माहीत असणार? गायक यायचे चार वाजता. तोवर आम्ही घरी जेवून आडवे. आम्हाला वळणं माहीत." त्यांनी हाताने हवेत एक वळण काढून दाखवलं. "हे बघ, इथून हे असं खाली येतं, मग जिना चढतं, मग दारात थांबतं. हे पावसाळ्यातलं. त्या दिवशी छत गळत होतं आणि झांजवाला छत्री धरून वाजवत होता."

"एका हाताने झांजा?"

"छत्री दातांत."

बाबांच्या गोष्टींना मुलीचा एक नियम होता. दहाने भागायचं आणि जे उरेल त्याचं निम्मं धरायचं. बासरीवाल्याला वाजवता वाजवता झोप लागली आणि झोपेत वाजवलेला तुकडाच रेकॉर्डवर राहिला, ही गोष्ट भागून भागून तिने 'बासरीवाला एकदा जांभई देत होता' इथपर्यंत आणून ठेवली होती. लहानपणी तिने सगळ्या गोष्टी न भागता ऐकल्या होत्या. भागाकार नंतर, शाळेत शिकवतात तसाच आला.

काम मात्र झपाट्याने चाललं. दुसऱ्यांची गाणी ती बाजूला काढी, वडिलांची यादीत घाली. चार सेकंद ऐकलं की ते वर्ष सांगत. मधूनच एखाद्या गाण्यापाशी ते टेबलाची कड धरत आणि म्हणत, "चांदणी."

ती गाण्यासमोर चांदणी काढी.

दुपारी एक वाजता पडद्यावर लागली ती बुटांच्या दुकानाची जाहिरात. पाऊण मिनिटाची, 'टाचेपासून बोटांपर्यंत' असं चार बायका ओरडून ओरडून सांगत होत्या.

"चांदणी," वडील म्हणाले.

"ह्याला?"

"हं."

"बाबा, ही बुटांची जाहिरात आहे. मघाचं ते इतकं सुंदर अंगाईगीत, त्याला नाही काढली."

"ह्याला काढ."

तिने काढली. पण त्यानंतर ती गाण्यांकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त पाहू लागली. आवडतं गाणं लागलं की बाबांच्या भुवया वर जात, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. चांदणीच्या गाण्यांना भुवया जागच्या जागी राहत. डाव्या हाताचं मधलं बोट मात्र मिटे.

शुक्रवारी सकाळी चाळीस चांदण्या झाल्या. तिने त्या एकाखाली एक लावल्या. सगळ्या सव्वा वर्षाच्या आतल्या. त्याच्या आधी एकही नाही, नंतर एकही नाही. त्या वेळी ती चार वर्षांची होती.

"आता ही चाळीस यादीत घालू ना?" तिने विचारलं. "खुर्ची आठ, तुमचं नाव."

"खुर्ची आठ," वडील म्हणाले. "तिथे लांब्याचं नाव घाल."

लांब्या म्हणजे सातव्या खुर्चीवरचा. वडिलांचा जोडीदार; दोघांत मिळून सुरावटीच्या कागदांचं एक स्टँड. इतका उंच की खुर्चीत बसला तरी मागच्या झांजवाल्याला समोरची भिंत दिसत नसे. जाऊन तीन वर्षं झाली होती.

"लांबूकाका सातव्यावर होते ना?"

"सातव्यावरही घाल. आठव्यावरही घाल."

"एक माणूस दोन खुर्च्यांवर? बाबा, हे दहाने भागलं तरी बसत नाही."

ती हसली. वडील हसले नाहीत. त्यांनी डावा हात टेबलावर उपडा ठेवला, दुकानात वस्तू दाखवायला ठेवतात तसा.

"गाडीच्या दारात सापडलं होतं हे. तू गाडीत बसली होतीस. तुला बसवलं आणि दार लावलं, ते बोटावरच. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण दाबायची ताकद कधी येईल सांगता येत नाही. आमच्याकडे खुर्ची एक दिवस रिकामी राहिली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर दुसरा बसलेला असायचा. बाहेर रांग होती."

"मग?"

"मग लांब्या म्हणाला, तू नुसता गज फिरव. तारेला लावू नकोस. बाकीचं मी बघतो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वडिलांनी ती संपेपर्यंत वाट पाहिली.

"वाद्यवृंदाचे मास्तर स्टुडिओच्या काचेमागून कोपरं मोजायचे. आठ कोपरं हलली की झालं. आवाज दोघांचा तो काढायचा. दुप्पट जोर लावून, आणि तो कळू न देता. हे मला कधी जमलं नसतं. सव्वा वर्ष काढला तो आवाज त्याने."

"आणि मास्तरांना कळलं नाही?"

"मास्तरांना पंख्याचा सूर कळायचा." त्यांनी टेबलावरचा हात उचलून मांडीवर घेतला. "त्या वर्षी मास्तर काचेतून सगळ्यांकडे बघायचे. आम्हा दोघांकडे तेवढं बघायचे नाहीत."

मुलीने भागाकार करून पाहिला. छत्री नव्हती, झांजा नव्हत्या, झोपलेला बासरीवाला नव्हता. भागायला काही सापडेना.

तिला लांबूकाकांचं दुकान आठवलं. वाद्यवृंद सोडल्यावर ते छत्र्या दुरुस्त करत. शाळेतून येताना ती तिथे थांबायची. वरच्या फळीवरची छत्री हवी असली की इतका उंच माणूस तिला स्टुलावर चढवायचा आणि म्हणायचा, "काढ गं बाई, तुझा हात पोचतो." आपण फार मोठ्या झालो आहोत असं तिला तेव्हा वाटे. काकांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे तिला आज, या टेबलाशी बसून कळलं.

"काकूंनी किती खुर्च्या पाठवल्यात?" वडिलांनी विचारलं.

तिने कालच फोनवर विचारलं होतं. "अडुसष्ट. काकांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. काकू म्हणाल्या, नाही तर नाही, त्यांना कुठे पाटी वाचायला यायचंय."

"अडुसष्ट," वडील म्हणाले. "त्यात ही सातव्या खुर्चीवरची धरलेलीच असणार. आठव्या खुर्चीची धर."

"हे तुम्ही कुठे वहीत का नाही लिहून ठेवलंत?"

"वहीत लिहिलं असतं तर तू वाचलं असतंस. चांदणीला कोण विचारतं?"

ती लिहू लागली. खुर्ची सात, खुर्ची आठ. एका जागी थांबून तिने विचारलं, "काकांचं खरं नाव काय?" आणि वडिलांनी ते सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, दारात उभ्या असलेल्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं. तिने ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ऐंशी वेळा लिहिलं.

तीन वाजता होडीचं गाणं लागलं.

सुरुवातीच्या व्हायोलिनवरच तिचा चेहरा खुलला. चौथीत असताना बाईंनी वर्गात हे गाणं लावलं होतं आणि ती न विचारता उभी राहिली होती: हे माझ्या बाबांनी वाजवलंय. त्या दिवसापासून ती शाळेत कुणीतरी होती. पुढे नोकरीच्या ठिकाणी, सासरी, दवाखान्याच्या रांगेत, परवा दुरुस्तीच्या दुकानात, जिथे जिथे ती नवीन होती तिथे तिथे हे गाणं तिच्या आधी पोचून जागा धरून ठेवत आलं होतं.

"हे तर सांगायलाच नको," ती म्हणाली आणि लिहू लागली. खुर्ची आठ.

"चांदणी."

तिची बोटं थांबली.

"ह्याला नको."

"त्याच वर्षातलं आहे."

"बाबा, अडुसष्ट आणि चाळीस, एकशे आठ होतात. पाटीला शंभर लागतात. काकांचं नाव लागतंय. हे एक गाणं नाही दिलं तरी लागतंय." तिचा आवाज चढला नव्हता, पण ती खुर्चीत पुढे सरकली होती. "तीनशे बारातली चाळीस दिलीत तुम्ही. हे एक राहू द्या."

वडिलांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ते उठून आतल्या खोलीत गेले. कपाटाच्या वरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, कुलपं उघडल्याचा आवाज आला.

ते व्हायोलिन घेऊन परत आले. किती वर्षांनी पेटीबाहेर आलं होतं कोण जाणे. पेटीचं अस्तर झडून तारांवर आणि तारांखालच्या लाकडावर त्याची जांभळट भुकटी बसली होती. ती त्यांनी पुसली नाही. तारा जुळवून पाहिल्या नाहीत. टेबलापासून दोन पावलं दूर खुर्ची ओढली, पाठ ताठ करून बसले, हनुवटी टेकवली.

"लाव," ते म्हणाले.

तिने गाणं पहिल्यापासून लावलं.

गज उचलला गेला आणि निघाला. होडी जशी काठ सोडते तसा, तिला वाटलं, आणि मग आपण गाण्याचं नाव माहीत असल्यामुळे असं म्हणतो आहोत हेही वाटलं. गज तारेच्या वर होता, पातळ कागद सरकावा इतका वर. टोकापर्यंत जाऊन तो वळत होता, बरोबर तिथे, जिथे गाण्यातलं व्हायोलिन वळत होतं. डाव्या हाताची बोटं आपापल्या घरांवर उतरत होती आणि उतरायच्या आत उचलली जात होती. मनगट सैल, कोपर मोकळं. काचेमागून पाहणाऱ्याला हा माणूस जीव ओतून वाजवतो आहे असंच दिसलं असतं. इतकं चांगलं वाजवताना तिने त्यांना वाजवतानासुद्धा पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या कडव्याच्या मधोमध एक खरखर झाली आणि गाणं तुटलं. डिस्कमधून तेवढंच निघालं होतं.

गज थांबला नाही.

तिने हात बटणाकडे नेला होता, तो तसाच राहिला. खोलीत शर्टाच्या बाहीची सळसळ तेवढी ऐकू येत होती. दुसरं कडवं संपलं. ते तिला कोपरावरून कळलं. मग तो मधला लांब तुकडा आला, ज्यात आठही व्हायोलिनं एकदम वर चढतात आणि ऐकणारा श्वास धरतो. वडिलांचा गज चढला. तिने श्वास धरला. तिसरं कडवं. शेवटी तो एकच सूर, हळूहळू मावळत जाणारा, त्याच्यासाठी गज इतका सावकाश सरकला की हलतो आहे की नाही ते पाहायला तिला पुढे वाकावं लागलं.

वाकल्यावर तिला तारा दिसल्या. जांभळट भुकटी जशीच्या तशी होती. तिच्यावर कुठे रेघसुद्धा उठली नव्हती.

वडिलांनी गज मांडीवर ठेवला. त्यांना दम लागला होता.

"एवढं मी वाजवलं त्यात," ते म्हणाले. "एवढं लिहायचं असेल तर लिही."

ती लॅपटॉपकडे वळली. खुर्ची सातसमोर तिने काकांचं पूर्ण नाव लिहिलं. आठच्या चौकटीत आधीच उमटलेलं नाव एकेक अक्षर पुसलं आणि तिथेही तेच लिहिलं. वडील मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या, आडनावातली एक वेलांटी सुधारायला लावली.

"चांदणी काढू?" तिने विचारलं.

"आता कशाला?"

पाचला दहा कमी असताना यादी गेली. तिने चहा टाकला. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा वडील सवयीने उठले, भिंतीपाशी गेले, वाकून प्लगवर हात ठेवला. लॅपटॉप बारीक आवाजात गुणगुणत होता. ती स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन थांबली.

वडिलांनी मान तिरकी करून ऐकलं.

"हाही उतरलेलाच आहे," ते म्हणाले.

आणि प्लग तसाच ठेवून चहाला आले.